पिवळ्या वारेची ग्रहणशक्ती

माणसाचा कारभार उभ्या आयुष्यात एकदाच चोख चालतो, आणि तो जन्माआधीच्या नऊ महिन्यांत. हा कारभार ज्या कार्यालयातून चालतो त्याचे नाव वार. या कार्यालयाला मधली सुटी नसते, खिडकी नसते, 'साहेब दौऱ्यावर आहेत' नसते. आईच्या रक्तातले पोषण बाळाकडे आणि बाळाकडचा टाकाऊ माल आईकडे, असा दुतर्फा व्यवहार ते कोणाचीही सही न घेता पार पाडते, आणि बाळ बाहेर आले की अर्ध्या तासात आपण होऊन सेवानिवृत्त होते. मुदतवाढ मागत नाही, निरोपसमारंभ मागत नाही. असे कार्यालय अस्तित्वात असणे ही बाकीच्या कार्यालयांच्या दृष्टीने गंभीर बाब होती, आणि तिची सखोल चौकशी होणे क्रमप्राप्तच होते.

ही चौकशी 'मातृ-ऊतक संशोधन केंद्र' या संस्थेने आपल्याकडे घेतली. चौक गाव सोडून कर्जतच्या रस्त्याला लागले की गॅरेजांची रांग संपते आणि ढाब्यांची सुरू होण्याआधी थोडी मोकळी जागा उरते, तिथे हे केंद्र आहे. इमारत पूर्वी अंडी उबवण्याची होती. (उबवण्याची परंपरा केंद्राने खंडित होऊ दिलेली नाही.) दारावर पाटी आहे: 'मानवी वारेच्या पेशीपटलांवरील संप्रेरक-ग्राहींचे बंधन: डोंगरवाड्यांतील व शहरी मातांचा तौलनिक अभ्यास.' विषयाला न्याय द्यायचा म्हणून पाटी दारापेक्षा रुंद करावी लागली. तेव्हापासून दार अर्धेच उघडते.

या अर्ध्या उघडणाऱ्या दारातून कोंडाजी आत आले तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. तंत्रनिकेतनाची पदविका आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रातली मापन-उपकरणांवरची चौतीस वर्षे एवढी शिदोरी घेऊन ते निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांनी एकच तत्त्व पाळले: काटा काय दाखवतो यावर विश्वास ठेवण्याआधी, दाखवण्यासारखे काही नसताना तो कुठे उभा असतो ते पाहायचे. आधी शून्य, मग बाकी सगळे. बाजारात भाजी घेतानाही ते आधी रिकामा तराजू पाहत, आणि चहात साखर किती घालू असे विचारले तर आधी बिनसाखरेचा घोट मागत. (पत्नी नंदाताई यांनी या सवयीला कधीही उत्तेजन दिले नाही.) केंद्राने त्यांना 'उपकरण देखभाल सल्लागार' नेमले. फ्रीझर गार आहे की नाही, नळ्या गरगरवणारे यंत्र डुगडुगते की नाही आणि प्रकाशमापकाची काच स्वच्छ आहे की नाही, एवढाच सल्ला त्यांनी द्यायचा होता.

कामावर रुजू झाल्यावर त्यांनी यंत्रे काय मोजतात याची चौकशी केली. केंद्रात असा प्रश्न त्याआधी कोणी विचारलेला नसल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी मनोजवर आली. मनोज हा संशोधन सहायक. प्रबंधाचे सातवे वर्ष चालू होते.

"सोपं आहे काका. पेशीच्या अंगावर ग्राही असतात. रक्तातून इन्सुलिन येतं, ग्राहीला चिकटतं, मग ग्राही आत निरोप देतो. किती चिकटलं ते आपण मोजायचं."

"म्हणजे रिले. तारेतून थोडासा प्रवाह आला की रिले तो ओळखतो आणि आतलं मोठं यंत्र सुरू करतो."

"अगदी तसंच."

"आणि चिकटलं ते दिसतं कसं?"

"इन्सुलिनला चकाकणारा रंग लावलेला असतो. जितकी चकाकी, तितकं बंधन."

"ती चकाकी त्या रंगाचीच, हे कशावरून?"

मनोजने घड्याळाकडे पाहिले. "काका, चहा घेणार ना?"

शास्त्रात बंधन दोन प्रकारचे मानले आहे. संप्रेरक आपल्या नेमक्या ग्राहीला चिकटले तर ते विशिष्ट बंधन. मिळेल तिथे चिकटले तर अविशिष्ट. (कार्यालयात नेमून दिलेल्या टेबलाशी सापडणारा माणूस आणि पंख्याखाली सापडणारा माणूस, एवढाच हा फरक.) एकूण आकड्यातून अविशिष्ट वजा केले की खरे बंधन उरते. ही वजाबाकी दर नमुन्याला नव्याने करावी, असे पुस्तकात लिहिले आहे. केंद्राने ती उद्घाटनाच्या दिवशी, एका शहरी नमुन्यावर, पाहुण्यांच्या हस्ते केली. आलेला आकडा चौकटीत बसवून भिंतीवर टांगला आणि परिपत्रक क्रमांक ९ अन्वये पुढच्या सर्व नमुन्यांना लागू केला. पाहुणे परत येणे शक्य नसल्यामुळे तो बदलण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

नमुने मिळवण्याची पद्धतही नोंद घेण्याजोगी होती. शहरी वार शहरातून गाडीने यायची. डोंगरातल्या पाच वाड्यांवरची बाळंतपणे मात्र अंबाबाई करायची. रुग्णवाहिका चढण पाहूनच मागे फिरते, त्यामुळे तिच्या हाताला विसावा नव्हता. तिचा मुलगा धाऊ याला केंद्राने 'शीतसाखळी समन्वयक' केले होते. शीतसाखळी म्हणजे धाऊची मोटरसायकल, तिच्यावरचा कुल्फीवाल्याकडून घेतलेला डबा आणि शिळफाट्याहून आणलेला बर्फ. धाऊची बायको चिंधी केंद्रात काचेच्या नळ्या धुवायची. अशा रीतीने तपासली जाणारी वार काढणारी सासू, वाहणारा नवरा आणि धुणारी सून एकाच घरची असल्याने नमुन्याच्या प्रवासात परक्या माणसाचा हात लागत नसे. केंद्राच्या माहितीपत्रकात याला 'समुदायाचा सहभाग' म्हटले होते.

तीन वर्षांत वाड्यांवरच्या त्र्याऐंशी वारा तपासून झाल्या. शहरी मातांच्या वारेचे बंधन शंभर टक्के धरले, तर डोंगरवाड्यांतल्या मातांचे सरासरी दोनशे चाळीस टक्के भरले. शिवाय शहरी वारेसारखीच तांबडी-जांभळी असली तरी वाड्यांवरच्या प्रत्येक वारेवर एक पिवळी छटा दिसत होती. संचालक डॉ. जागृती यांनी या दोन घटनांचा संबंध एका बैठकीत जोडला. जगाला आजवर अज्ञात असलेला वारेचा एक प्रकार त्यांनी शोधून काढला आणि त्याला 'पीत-वार' असे नाव दिले. छटा मोजण्यासाठी चौकच्या हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचे पत्रक आणले, आणि त्यावरून पीत-१, पीत-२ व पीत-३ अशा श्रेणी ठरवल्या.

"निसर्ग कोणावर अन्याय करत नाही," डॉ. जागृती परिषदेत म्हणाल्या. "ज्यांना कमी मिळतं, त्यांना जास्त घेता येईल अशी सोय तो आधीच करून ठेवतो."

टाळ्या पडल्या. ज्यांना जास्त मिळते त्यांचा निसर्गाने काही मोठा विश्वासघात केला असावा, असे कोणाच्या मनात आले नाही.

हा निष्कर्ष 'पूरक आहार सुसूत्रीकरण समिती'च्या कानावर गेला. वाड्यांवरच्या गरोदर बायकांना अंगणवाडीत रोज एक वेळचे जेवण मिळे. ते किती असावे हे ठरवणे समितीचे काम. समितीचा युक्तिवाद निर्दोष होता. जी स्त्री अन्नाचा दोन पूर्णांक चार पट उपयोग करते, तिला तेच पोषण द्यायला अन्न दोन पूर्णांक चार पट कमी लागणार. याउपर पूर्ण ताट वाढणे म्हणजे तिच्या ग्रहणशक्तीचा अपमान. त्यानुसार सुधारित ताट असे ठरले: भाकरी दोनऐवजी ०.८३. शेंगदाण्याचा लाडू ०.४२, चुरा स्वरूपात. डाळीची वाटी पूर्वीइतकीच भरलेली (फरक पाण्यात). उकडलेले अंडे एकऐवजी ०.४२, परंतु अंडे दशांशात कापण्याचे साधन तालुक्यात उपलब्ध नसल्याने सहृदय दृष्टिकोनातून अर्धे.

चिंधीला तेव्हा सहावा महिना होता. वजन अडतीस किलो. कोंडाजींना हे माहीत होते, कारण नमुन्यांच्या काट्याचे शून्य तपासून झाल्यावर शेजारचा मोठा काटा नीट दाखवतो का ते पाहायला ते त्यावर तिलाच उभी करत. पुढच्या महिन्यात काट्याने अडतीसच दाखवले. त्यांनी काटा उघडून साफ केला, शून्य लावले, तिला पुन्हा उभी केली. अडतीस.

"काटा बराबर हाय काका," चिंधी म्हणाली. "मीच नाय वाढलेली."

"जेवतेस ना गं?"

"जेवते की. अर्ध्या अंड्याचं चार घास करायचं म्हंजे बारीक चावावं लागतं, येवढंच."

त्याच आठवड्यात तिने त्यांना मोरीपाशी बोलावले. तिची बोटे पिवळी झाली होती.

"हे बघा. वाडीवरच्या नळ्या घासून घासून नख झिजलं, पन पिवळं निघत नाय. शहरातल्या एका पान्यात निघतात."

"कसलं गं हे पिवळं?"

चिंधीला हसू आले. "हळद हाय ना काका! दुसरं काय असंल?"

"वारेला हळद कुठून आली?"

"सासू लावते. सगळ्यांच्याच वारेला लावते."

"तीन वर्षं झाली. कोणाला बोलली नाहीस?"

"इचारलंय कोनी? मला वाटलं, येवढी शिकलेली मान्सं, त्यान्ला म्हाईत असंल."

रविवारी सकाळी कोंडाजी वाडीवर चढून गेले. वाटेत तीनदा बसले. अंबाबाई अंगणात करवंदे निवडत होती. तिने पाणी दिले, गूळ दिला आणि विचारलेल्या गोष्टीचे उत्तर न लपवता दिले. लपवण्यासारखे त्यात काही आहे हे तिला ठाऊकच नव्हते.

"पूर्वी वार मडक्यात घालायची. हळद, मीठ, मूठभर तांदूळ, आन् न्हाणीपाशी पुरायची. आईच्या आंघोळीचं पानी तिच्यावर जायला पायजे, मंग पोर जीव धरतं. आता तुमच्या ऑफिसानं सांगितलं, पुरू नका, आमाला द्या. दिली. पन दादा, नऊ म्हैनं पोराच्या जोडीनं राबलेली ती. तिला अशीच उघडी बर्फात धाडू? लेकीला सासरी धाडताना अंगाला हळद लावता ना?"

"लावतो."

"मंग."

"किती लावतेस?"

"त्याला काय माप? कवा मूठ, कवा दोन. ताजी कुटलेली असली तं हात सैल सुटतो."

पीत-१, पीत-२ आणि पीत-३ या श्रेणींचा शास्त्रीय आधार कोंडाजींना येथे प्रथमच स्पष्ट झाला.

सोमवारी त्यांनी आपले शून्य तपासले. एका नळीत नुसते पाणी घेतले: यंत्राने शून्य दाखवले. दुसऱ्या नळीत पाणी आणि नंदाताईंच्या मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद. त्यात वार नव्हती, पेशीपटल नव्हते, ग्राही नव्हता, इन्सुलिन नव्हते, त्याला लावलेला रंगही नव्हता. प्रकाशमापकाचा निळा झोत पडताच हळद स्वतःच चकाकली आणि यंत्राने बंधन नोंदवले: दोनशे एकतीस टक्के. म्हणजे नंदाताईंच्या मसाल्याच्या डब्याला दिवस गेले असते, तर त्याने कोणत्याही शहरी स्त्रीपेक्षा दुपटीहून अधिक पोषण घेतले असते.

कोंडाजींनी सात पानांचे टिपण केले, आलेखासह. वाडीवरच्या वारेची पिवळी छटा ही हळद आहे, चकाकी हळदीची आहे, बंधनाचा आकडा हळदीचा आहे, आणि म्हणून ताट पूर्ववत करावे. टिपणाला अकरा दिवसांनी उत्तर आले. त्यात चार आक्षेप होते. वापरलेली हळद मान्यताप्राप्त पुरवठादाराची नव्हती. हळदीच्या वापराला नीतिसमितीची पूर्वसंमती नव्हती. उपकरण देखभाल सल्लागाराने उपकरणाची देखभाल करावी. उपकरण काय म्हणते याकडे लक्ष देणे त्याच्या कार्यकक्षेबाहेरचे आहे. आणि शेवटचा: त्र्याऐंशी माता एका बाजूला आणि एक मसाल्याचा डबा दुसऱ्या बाजूला असता, संख्याशास्त्र मातांच्या बाजूने उभे राहते.

चिंधीला आठवा लागला होता. कोंडाजींनी आक्षेप फाइलला लावले आणि आहार समितीची वार्षिक पाहणी होती त्या दिवशी धुतलेला सदरा घालून प्रकाशमापकापाशी उभे राहिले. समितीचे तीन सदस्य अर्ध्या उघडलेल्या दारातून एकामागून एक आत आले. अध्यक्ष पोटाने भारदस्त असल्यामुळे त्यांना तिरके यावे लागले.

"साहेब, दोनच मिनिटं," कोंडाजी म्हणाले. "ही नळी पाहा. हिच्यात वार नाही. इन्सुलिन नाही. काहीच नाही. फक्त हळद आहे."

"फक्त हळद?"

"आमच्या घरची."

त्यांनी झोत सोडला. यंत्राने दोनशे एकतीस दाखवले. मनोजने डोळे मिटून घेतले. चिंधी मोरीपाशी हात थांबवून उभी होती. अख्खे अंडे आता अध्यक्षांच्या एका वाक्यावर येऊन ठेपले होते.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वार नसताना दोनशे एकतीस?"

"होय साहेब."

"म्हणजे ही शक्ती मूळ हळदीची?"

"शक्ती नाही साहेब, चकाकी..."

अध्यक्ष संचालकांकडे वळले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "मॅडम, एवढा मोठा शोध आपण समितीपासून दडवून ठेवलात?"

डॉ. जागृती यांनी अवघे चार सेकंद घेतले. (कोंडाजींनी मोजले.)

"अंतिम टप्प्यात जाहीर करणार होतो, साहेब."

ठराव त्याच दिवशी झाला. ग्रहणशक्ती ही मातेची नसून हळदीची असल्याचे प्रात्यक्षिकाने सिद्ध झाले असल्यामुळे, प्रत्येक गरोदर मातेला रोज हळदीची एक पुडी देण्यात यावी; आणि हळद हेच पोषणाचे मूळ ठरल्यामुळे, उरलेले अर्धे अंडे द्विरुक्ती म्हणून वगळण्यात यावे. प्रात्यक्षिकाबद्दल कोंडाजींचे अभिनंदन करण्यात आले आणि त्यांना 'हळद मानांकन उपसमिती'चे निमंत्रित सदस्य करण्यात आले. चौतीस वर्षांत त्यांनी बिघडलेले काटे पुष्कळ दुरुस्त केले होते. बरोबर चाललेला काटा चुकीचा वाचणाऱ्या डोळ्यांसाठी त्यांच्या पेटीत पाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिंधीने पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"काका, तुमी बोललात, अंडं परत येईल."

"बोललो होतो."

"होतं ते अर्धं पन गेलं."

"मी परत लिहितो. वर लिहितो."

"नका!" चिंधी घाईघाईने म्हणाली. "पाया पडते, आता कुठं जाऊन बोलू नका. भाकरी हाय ती ऱ्हाऊ द्या."

नंदाताई रोज दोन उकडलेली अंडी डब्यात देऊ लागल्या. चिंधी ती केंद्रात खात नसे, पदरात बांधून वर नेई. वाडीवर आणखी चौघी गरोदर होत्या. (दोन भागिले पाच बरोबर ०.४. समितीने काढलेला आकडा ०.४२ होता, तेव्हा समितीचे गणित कच्चे होते असे कोणी म्हणू नये.)

आता एकच मार्ग उरला होता. शब्दांनी आणि प्रात्यक्षिकांनी गोष्ट बिघडत होती. आकड्याला फक्त आकडाच खोटा पाडू शकत होता. वाडीवरची एक वार, एकच, हळदीवाचून तपासली गेली असती, तर तिचा खरा आकडा नोंदीत गेला असता, आणि पुढच्या प्रत्येक वारेचा जाऊ शकला असता. कोंडाजी पुन्हा चढण चढले. अंबाबाईने ऐकून घेतले.

"म्हंजे माझ्या नातवंडाच्याच वारेवर आलं."

"दुसऱ्या कोणाला मी सांगू शकत नाही, बाय."

"माती तुमी घेतली. आता हळद पन काढून घेता?"

"एकदाच. एक खरी नोंद झाली की चिंधीच्या मागून दिवस जाणाऱ्या सगळ्यांना अख्खं अंडं."

"आन् वारेनं राग धरला? पोरानं नाय धरलं तं?"

या प्रश्नाला कोंडाजींकडे मापन नव्हते. अंबाबाईने करवंदांची पाटी बाजूला सारली.

"जा तुमी," ती म्हणाली. "बघते."

चिंधी दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, सकाळी दहाच्या सुमारास बाळंत झाली. अंबाबाईने वार स्वच्छ पाण्याने धुतली, आणि हळदीच्या डब्याला हात न लावता ती पिशवीत घातली. धाऊ सांगतो, की तेवढा वेळ आई डब्याकडे पाठ करून बसली होती. केंद्राच्या नोंदवहीत या नमुन्याची नोंद सुवाच्य अक्षरात आहे: नमुना क्रमांक ८४, मातेचे नाव चिंधी, वारेचे वजन दोनशे नव्वद ग्रॅम, बर्फात ठेवल्याची वेळ दहा वाजून वीस मिनिटे, डब्याची अवस्था समाधानकारक (मुलगी, एक किलो सहाशे चाळीस), वाहतूक मोटरसायकलने, छटा: नाही.

कोंडाजींनी काच पुसली. शून्य तीनदा तपासले. मग नमुना लावला. यंत्राने चौऱ्याण्णव टक्के दाखवले. शहरातल्या कोणत्याही बाईइतकेच, किंचित कमी. डोंगरातल्या बाईची वार ही बाईची वार होती. मिळेल तेवढे घेत होती, आणि मिळत नव्हते ते घेऊ शकत नव्हती. मनोजने आकडा पाहिला, कोंडाजींकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच चहाचे न विचारता तो वहीत लिहिला.

डॉ. जागृती यांनी नोंद वाचली. सुधारित कार्यपद्धतीत पिवळी छटा ही वाडीवरच्या वारेची ओळख म्हणून आता समाविष्ट झाली होती. त्यांनी लाल शाईने शेरा मारला: 'नमुना दूषित. हळद आढळली नाही. सरासरीतून वगळावा.' वगळलेल्या नमुन्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावण्यात आली. (मानवी ऊतकांसाठी नियमाने पिवळी पिशवी असते. तेव्हा अंबाबाईचीही इच्छा एका अर्थाने पुरी झाली.)

मुलीला धाऊने त्याच मोटरसायकलवरून, अंबाबाईच्या लुगड्यात गुंडाळून, कर्जतला दवाखान्यात नेले. तिथे ती तेवीस दिवस उबेच्या पेटीत होती. चोविसाव्या दिवशी वाडीवर आली. ती धरेल की नाही, याविषयी अंबाबाई अजून कोणाला काही सांगत नाही. कोंडाजींना तर नाहीच. चिंधी दीड महिन्याने नळ्या धुवायला परत आली. तिच्यामागून दिवस गेलेल्या बायकांना रोज हळदीची पुडी मिळते. वाडीवर हळद आता मुबलक असल्यामुळे पुढच्या वारा पीत-३च्याही पुढे गेल्या असून, पीत-४ श्रेणीसाठी रंगांचे नवे पत्रक मागवले आहे.

वाचकांनी हे सर्व वाचून केंद्राविषयी आणि समितीविषयी प्रतिकूल मत बनवले असेल. ते व्यक्त करण्यापूर्वी एक छोटी चाचणी द्यावी. पिवळ्या वारेची टक्केवारी आपल्याला तोंडपाठ झाली आहे. अंड्याचे दशांशसुद्धा आपण आज कोणाला तरी हसत सांगाल. आता वर न पाहता सांगा, मुलीचे वजन किती होते?

ते कंसात दिलेले होते. कंसातला मजकूर विनोदाचा असतो, अशा समजुतीने आपण पुढे सरकला असाल तर मनाला लावून घेऊ नये. केंद्रात ती नोंदवही चौघांनी वाचली आणि चौघांनीही छटेचा रकाना आधी पाहिला. समितीवर सध्या एक जागा रिकामी आहे; आपली पात्रता तपासून झाली आहे.